बागायतीची गाडी, जिरायतीचा रस्ता

१ जून १९४८ रोजी सकाळी माळीवाड्याहून पुण्याकडे निघालेली राज्य परिवहनाची पहिली बस हा नगरकरांच्या अभिमानाचा विषय आहे, आणि तो अभिमान सार्थही आहे. परंतु त्याच जिल्ह्यातील खाजगी मोटारीचा, विशेषतः मध्यमवर्गीयाच्या दारात उभ्या राहिलेल्या लहान मोटारीचा वृत्तांत मात्र तेवढ्या अगत्याने सांगितला जात नाही. वास्तविक वाहन या वस्तूशी या शहराचे नाते फार जुने आहे. फाळणीच्या वर्षी रावळपिंडीजवळच्या चकलाला येथून लष्करी वाहनांच्या तपासणीची कचेरी नगरला आली. तिचेच रूपांतर पुढे वाहन संशोधन व विकास संस्थेत झाले, आणि मोटारींची नमुना-तपासणी करून दाखला देण्याचा अधिकार केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ज्या मोजक्या संस्थांना दिला, त्यांत तिची गणना होते. नगरच्याच फिरोदिया घराण्याने ऑटोरिक्षा आणि लूना देशाच्या रस्त्यावर आणली. एवढा लवाजमा असूनही सामान्य गृहस्थाने स्वतःची चारचाकी घ्यावी, हा विचार १९८३ पर्यंत जवळपास अव्यवहार्यच होता.

तोवर मोटार म्हणजे अँबॅसिडर किंवा फियाट. पहिली साखर कारखान्याच्या चेअरमनची, दुसरी तालुक्याच्या गावातील एखाद्या डॉक्टराची वा नामांकित वकिलाची. आणि त्या दोहोंसाठीही वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली तिच्या मालकाच्या हाती पडली, त्यापूर्वीच लाखाहून अधिक लोकांनी प्रत्येकी दहा हजार रुपये भरून नोंदणी केलेली होती. गाडीची किंमत पन्नास हजारांच्या आसपास. इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे; चाके अवघी बारा इंची. अँबॅसिडरच्या ऐसपैस बैठकीस सरावलेल्या ज्येष्ठांनी तिची यथेच्छ टवाळी केली.

ही गाडी नगर जिल्ह्यात कशी पसरली असावी, हे समजण्यासाठी मोटारींचे दप्तर पाहण्यापेक्षा पाटबंधाऱ्यांचा नकाशा पाहणे अधिक उपयुक्त, असे माझे मत आहे. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखालची जमीन उसाखाली आली. १९५० च्या अखेरीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुरस्काराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना गाळपास उभा राहिला. आणि त्यामागोमाग संगमनेर, कोपरगाव, राहुरी या पट्ट्यात कारखान्यांची, नागरी बँकांची व पतसंस्थांची अशी काही मालिका उभी राहिली, की ज्या कुटुंबाच्या सातबाऱ्यावर पाच-सात एकर बागायत आहे त्याला कर्जाचा हप्ता उसाच्या बिलातून कापून देणे शक्य झाले. पुढे नोंदणीची नवी पद्धत आली तेव्हा एकाच जिल्ह्याला दोन क्रमांक मिळाले, नगरला एमएच १६ आणि श्रीरामपूरला एमएच १७. हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात केवळ अंतराची सोय असेल. पण त्याने ओढलेली रेषा पुष्कळ अंशी बागायत आणि जिरायत यांमधील रेषेच्या जवळूनच गेली.

दक्षिणेकडील पाथर्डी, जामखेड, कर्जत हे अवर्षणाचे तालुके. पाथर्डीची माणसे दिवाळीनंतर कोयते घेऊन उसाच्या मुलखात उतरत, आणि अद्यापही उतरतात. जुन्या मोटारींचा प्रवाह मात्र नेमका उलट दिशेने गेला. बागायतदाराने दहा वर्षे वापरून, नवी मोठी गाडी आल्यावर विकलेली मारुती शिक्षकाकडे, पशुवैद्याकडे, किराणा दुकानदाराकडे जाई. आणि अशा तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हातीच तिचा खरा कस लागे. मागचे दार वर उचलून मागची बैठक पाडली, की खताची पोती, फवारणीचा पंप आणि प्रसंगी नवजात करडूही तिच्यात सामावे. मागील बाजूस अशी उघडणारी गाडी शहरात बाजारहाटाची सोय म्हणून मिरवली जाते. येथे ती शेतीचे अवजार ठरली.

तिला चालविणे ही एक वेगळी विद्या होती. २००० च्या सुमारास फ्युएल इंजेक्शन येईपर्यंत कार्ब्युरेटर होता. त्यामुळे पौषातल्या पहाटे चोक ओढून, इंजिन तापेपर्यंत धीर धरून बसावे लागे, आणि उतावळ्या माणसाने पेट्रोलने प्लग भिजविले म्हणजे ते काढून, पुसून, पुन्हा बसविणे आले. करंजीच्या घाटात एअर कंडिशनर बंद करून दुसऱ्या गिअरवर चढावे, हा अलिखित नियम. इंजिनाचा भार आणि ओढ दोन्ही पुढच्याच चाकांवर असल्याने काळ्या मातीच्या निसरड्या वाटेवर ती अँबॅसिडरपेक्षा बरी निघे. परंतु उसाच्या ट्रॉल्यांनी खोल पाडलेल्या चाकोऱ्यांत तिचे पोट टेकले, की चार माणसांनी उचलूनच बाहेर काढावी लागे. चार माणसांना ती उचलता येई, हाही तिचा एक गुणच! वस्तीवरचा मिस्त्री पाना, पक्कड आणि पॉलिश पेपर एवढ्यावर तिचे पुष्कळसे दुखणे बरे करी. मला वाटते, तिच्या दीर्घायुष्याचे श्रेय कारखान्याइतकेच या मिस्त्र्यांना आहे.

आता तिच्यावर दोन बाजूंनी संकट आले आहे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, तदनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याचे केंद्र सरकारी शुल्क ३१ मार्च २०२२ पर्यंत सहाशे रुपये होते, ते पाच हजार झाले. आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील मोटारीस दहा हजार. पर्यावरण कर निराळा. दुसरे संकट अधिक विलक्षण आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग २००१ साली ज्या थोड्या ठिकाणी आरंभिला गेला, त्यांत कोपरगावापासून जवळचे मनमाड होते. आज ते प्रमाण वीस टक्क्यांवर गेले असून जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व गॅस्केटे त्याने झिजतात, टाकीत पाणी धरते, आणि सरासरीही घटते. ज्या उसाने ही गाडी दारात आणली, त्याच उसाचा अर्क आज तिच्या नळ्या कुरतडीत आहे.

धूर रोखलाच पाहिजे, याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की महिन्यातून चार वेळा बाजारास जाणारी आणि रोज शंभर किलोमीटर धावणारी अशा दोन गाड्यांना वयाच्या एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे. तपासणी कडक करावी, वयाचा दंड कमी करावा.

शेवटची मारुती ८०० कारखान्यातून १८ जानेवारी २०१४ रोजी बाहेर पडली. म्हणजे त्यांतील सर्वांत धाकटीही २०२९ च्या आरंभी पंधरा वर्षांची होईल आणि भंगाराच्या वजनकाट्याकडे अनेक गाड्या वळतील. नगरमध्ये १९६० पासूनचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे आणि रणगाड्यांचेही संग्रहालय आहे. ज्या वाचकांच्या घरी १९८३ ची नोंदणीपावती, पतसंस्थेचे कर्जाचे पुस्तक किंवा अहमदनगर असे जुने नाव छापलेले आरसी पुस्तक असेल, त्यांनी गाडी विकताना ते कागद तिच्याबरोबर देऊ नयेत. निदान त्यांच्या नकला करून ठेवाव्यात, आणि वस्तुसंग्रहालयाकडे त्यांची विचारणा अवश्य करावी.