अंगणापासून कुरणापर्यंत

सन १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडण्यासाठी ताराबाई मोडक आल्या, तेव्हा त्यांच्या वयाला त्रेपन्न वर्षे पूर्ण झाली होती, आणि बालशिक्षणाच्या क्षेत्रात लौकिक म्हणून जे मिळवायचे ते बहुतेक त्यांच्या पदरी पडलेले होते. राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषवले होते. ते मानाचे पद स्वेच्छेने सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या होत्या. १९२६ साली निघालेला नूतन बालशिक्षण संघ, ‘शिक्षणपत्रिके’चे संपादन, पुढे दादरचे शिशुविहार, असा त्यांच्या कार्याचा विस्तार झालेला होता. एवढे सारे मागे ठेवून त्या उतारवयात खेड्याकडे वळल्या याला लोक त्याग म्हणतात. मला मात्र त्याच्या मुळाशी एक न शमलेली जिज्ञासा दिसते: पांढरपेशांच्या मुलांत जे साधले, ते ज्याच्या घरात दोन वेळच्या अन्नाची शाश्वती नाही त्या मुलाच्या बाबतीत साधेल काय, ही.

ही जिज्ञासा त्यांनी ज्या परंपरेतून उचलली, तिचा आरंभही एका प्रश्नातच होता. गिजुभाई मूळचे वकील. पूर्व आफ्रिकेत काही काळ घालवून आलेले. आपल्या मुलाला कोणत्या रीतीने वाढवावे याचा शोध घेता घेता त्यांच्या हाती माँटेसरीबाईंचे विचार लागले, आणि त्या शोधापायी वकिलीच सुटली. १९२० साली त्यांनी भावनगरला बालमंदिर उघडले. ताराबाई तेथे आल्या त्या बी. ए. होऊन, अमरावतीचा मोडलेला संसार आणि एका मुलीची जबाबदारी बरोबर घेऊन.

बोर्डीला मात्र भावनगरचा अनुभव जसाच्या तसा उपयोगी पडेना. माँटेसरी पद्धतीची साधने महागडी. ती गावच्या ऐपतीबाहेरची. तेव्हा शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, बांबूच्या कांबी यांतूनच गणनेची, रंगांची व आकारांची साधने सिद्ध करण्यात आली. परंतु त्याहून अवघड गोष्ट अशी, की गावकुसाबाहेरच्या वस्तीतील मुले बालवाडीत येतच ना. अशा वेळी हजेरीपट रिकामा राहिल्याचा दोष पालकांच्या अज्ञानावर टाकून मोकळे होणे ही सरकारी दप्तराची जुनी रीत आहे. ताराबाईंनी व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी ती स्वीकारली नाही. मुले का येत नाहीत हे पाहण्यासाठी त्या वस्तीत गेल्या, तेथे मुलांना न्हाऊ-माखू घातले, त्यांचे केस विंचरले आणि त्यांच्याच अंगणात गाणी, गोष्टी व खेळ सुरू केले. अंगणवाडी जन्मास आली ती अशी.

अनुताईंचे आयुष्य तर या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगे आहे. १९१० साली मोरगावला जन्म. तेराव्या वर्षी विवाह आणि सहाच महिन्यांत वैधव्य. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला जो कोनाडा येई तो त्यांनी नाकारला. अध्यापनाचे शिक्षण घेऊन त्या प्रथम नाशिक जिल्ह्यातील खेड्यात, नंतर पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. दिवसा शिकवीत आणि रात्रशाळेत शिकत त्या १९३७ साली मॅट्रिक झाल्या. बोर्डीला आल्या त्या पस्तिशीत, आणि बी. ए. झाल्या १९६१ साली, जेव्हा त्या स्वतः इतरांना घडवीत होत्या तेव्हा. ज्या शिक्षिकेचे स्वतःचे शिकणे थांबलेले नाही, तिलाच समोरच्या मुलाचे न शिकणे हे कोडे वाटते, गुन्हा वाटत नाही.

१९५७ च्या सुमारास केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा वारल्यांचा मुलूख. सावकार व जमीनदार यांच्या वेठीखाली, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी ‘लग्नगडी’ म्हणून राबणाऱ्या या लोकांनी १९४५ सालीच गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठीविरुद्ध उठाव केला होता. परंतु वेठ सुटली तरी दारिद्र्य सुटले नव्हते. येथेही मुले शाळेत येईनात, आणि पुन्हा तोच शोध सुरू झाला. सात-आठ वर्षांची मुलगी येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी रचण्यात आली, म्हणजे तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली वर्गात बसू शकेल. मुलगा येत नाही, कारण तो गुरे घेऊन रानात जातो. मग शिक्षक त्याच्यामागून रानात गेला आणि कुरणशाळा सुरू झाली, जिथे चरणारी गुरे नजरेच्या टप्प्यात ठेवून अक्षरे गिरवली जात. आपल्याकडे शाळेची वेळ, जागा व भिंती या अटळ मानल्या जातात, आणि मुलाने त्यांत बसावे अशी अपेक्षा असते. कोसबाडला मात्र मुलाचा दिवस आधी नीट न्याहाळला गेला आणि मग शाळा त्या दिवसात बसवली गेली. महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात याहून मोठा शोध मला दिसत नाही.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले; १९७३ साली त्या वारल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. नाव देशभर गेले; परंतु पोषण आहाराचे तक्ते आणि नोंदवह्या भरण्यात सेविकेचा किती वेळ जातो हे पाहिले म्हणजे, त्या अंगणात जाऊन मुलाचा दिवस न्याहाळण्याची मोकळीक तिला किती उरते, याची चिंता वाटल्यावाचून राहत नाही. अनुताई मात्र शेवटपर्यंत कोसबाडलाच राहिल्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात त्यांनी हे सारे नोंदवले. १९८२ साली, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी रमेश पानसे यांच्यासमवेत ग्राममंगल ही नवी संस्था काढली, आणि वारली मुलांचे प्राथमिक शिक्षण कसे असावे या प्रश्नाला पुन्हा पहिल्यापासून हात घातला.