रद्द झालेला व्हिसा आणि विद्यार्थी व्हिसाचा नवा अर्ज

अमेरिकेचा व्हिसा पूर्वी कधी रद्द झाला असेल, तर शिक्षणासाठी लागणारा एफ-१ व्हिसा मिळतो काय, हा प्रश्न अनेक विद्यार्थी व पालकांना पडतो. त्याचे उत्तर व्हिसा कोणत्या कारणाने रद्द झाला, यावर अवलंबून असते.

व्हिसा नाकारणे आणि रद्द करणे या दोन भिन्न बाबी आहेत. अर्ज मंजूर न होणे म्हणजे नकार. दिलेला व्हिसा नंतर काढून घेणे म्हणजे रद्द करणे. डीएस-१६० या अर्जात दोहोंविषयी स्वतंत्र प्रश्न असतात.

पासपोर्टवरील व्हिसावर ‘कॅन्सल्ड विदाउट प्रेज्युडिस’ असा शिक्का असल्यास चिंतेचे कारण नसते. छपाईतील चूक किंवा त्याच प्रकारचा नवा व्हिसा मिळणे, अशा कारणांसाठी तो मारला जातो. त्यात अर्जदाराचा दोष मानला जात नाही.

विमानतळावरून परत पाठविलेल्यांच्या बाबतीत कागदपत्रे नीट पाहावी लागतात. प्रवेशाची विनंती स्वतःहून मागे घेऊ दिली असेल, तर त्यामुळे आपोआप बंदी येत नाही. मात्र तातडीच्या हकालपट्टीचा आदेश निघाला असेल, तर सामान्यतः ५ वर्षे प्रवेशबंदी असते.

मुदतीपेक्षा अधिक काळ राहिल्यास व्हिसा कायद्यानेच निष्प्रभ ठरतो. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांपेक्षा अधिक, परंतु १ वर्षापेक्षा कमी असेल, तर देश सोडल्यापासून ३ वर्षे आणि १ वर्ष वा त्याहून अधिक असेल, तर १० वर्षे प्रवेशबंदी लागू होते. मद्यपान करून वाहन चालविल्याबद्दल अटक झाल्यानेही व्हिसा रद्द होऊ शकतो. अशा वेळी नव्या अर्जासोबत वैद्यकीय तपासणी सांगितली जाते.

सर्वांत गंभीर कारण म्हणजे खोटी माहिती किंवा बनावट कागदपत्रे. जाणूनबुजून केलेली महत्त्वाची दिशाभूल सिद्ध झाल्यास अपात्रता कायमची असते. अशा व्यक्तीला तात्पुरत्या प्रवासासाठी सूट मिळू शकते; परंतु ती देणे अधिकाऱ्यांच्या इच्छेवर असते.

म्हणूनच नव्या अर्जात व्हिसा रद्द झाल्याची माहिती दडविणे घातक ठरते. बोटांचे ठसे आणि जुन्या नोंदी वकिलातीपाशी असतातच. जी बाब खुलाशाने मिटली असती, तीच लपविल्यास दिशाभुलीच्या कलमाखाली जाते. प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर द्यावे, वर्ष व कारण थोडक्यात लिहावे आणि जुना पासपोर्ट, विमानतळावर मिळालेले कागद, न्यायालयीन निकाल असल्यास त्याची प्रत मुलाखतीस सोबत न्यावी.

कारण निरुपद्रवी असले, तरी व्हिसा मिळेलच असे नाही. शिक्षणाचा खरा हेतू, खर्चाची तरतूद आणि शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याचा इरादा या कसोट्या प्रत्येक अर्जदाराला असतात. बंदी लागू असल्यास मात्र शुल्क भरण्यापूर्वी अमेरिकी स्थलांतर कायद्याच्या जाणकार वकिलाचा सल्ला घेणे श्रेयस्कर ठरते.