पिशवी बघणारा डॉक्टर : नांदेड-लातूरच्या दवाखान्यांचा इतिहास आणि आपला खिसा

विषय डॉक्टरांचा आणि बोलणारे आम्ही तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. तेव्हा औषधांबद्दल आम्ही काही सांगणार नाही. बोलायचं आहे ते इतिहासाबद्दल आणि पैशाबद्दल.

सुरुवात घरच्या गोष्टीने करू. कंधार तालुक्यातल्या आमच्या नात्यातल्या एका मावशींना चक्कर यायला लागली. मुलाने नांदेडला आणलं. कानाचे डॉक्टर झाले, मेंदूचे झाले, हृदयाचे झाले. एमआरआय झाला, टू-डी इको झाला. प्रत्येकाने आपल्या अवयवात दोष नाही असं प्रामाणिकपणे लिहून दिलं. पेरणीसाठी ठेवलेले पैसे संपले, चक्कर तशीच. शेवटी आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या एमबीबीएस डॉक्टरांनी गोळ्यांची सगळी पिशवी टेबलावर ओतायला लावली. रक्तदाबाचं एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी, दोन चिठ्ठ्यांवर, दोनदा चालू होतं. एक बंद केलं. आठवड्यात मावशी शेतात. तपासणी फी शंभर रुपये.

यात कुणी फसवलं नाही, हे लक्षात घ्या. जो तो आपल्या भागापुरता बरोबर होता. फक्त सगळी पिशवी बघणं हे कुणाचंच काम राहिलेलं नव्हतं. ते काम ज्याचं होतं, तो सामान्य डॉक्टर आपल्याकडून कसा हरवत गेला, हा आजचा प्रश्न.

आमच्या विषयातले दोन शब्द इथे उपयोगी पडतात. कणादाच्या वैशेषिक दर्शनात ‘सामान्य’ आणि ‘विशेष’ हे दोन स्वतंत्र पदार्थ मानलेले आहेत. त्यात वरचा-खालचा असा भेद नाही. अनेकांत जे समान असतं ते सामान्य, जे वेगळं करतं ते विशेष. चरकसंहितेने हीच जोडी वैद्यकात आणली आणि सामान्य हे वाढीचं, विशेष हे घटीचं कारण सांगितलं. आपल्या दवाखान्याच्या बिलात मात्र नेमकं उलट दिसतं! आणि मराठीत ‘सामान्य’ म्हणजे साधा, कमी दर्जाचा, असा अर्थ रूढ झाला. “ते काय, साधे एमबीबीएस आहेत,” असं आपण सहज म्हणतो. त्या ‘साधे’ शब्दाची किंमत पुढे पाहू.

आता इतिहास. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादला १८४६ साली मेडिकल स्कूल निघालं, सुरुवातीला तिथे उर्दूतून शिकवत. पुढे तेच उस्मानिया मेडिकल कॉलेज झालं. मराठवाड्याला स्वतःचं मेडिकल कॉलेज मिळालं ते तेव्हाच्या औरंगाबादला, १९५६ साली. तोवर आणि नंतरही बरीच वर्षं खेड्यापाड्यांचा भार वैद्य, हकीम आणि मोजक्या डॉक्टरांवर होता.

त्याच सुमारास देशपातळीवर एक मोठा निर्णय झाला होता. ब्रिटिश हिंदुस्थानात पदवीधर डॉक्टरांखेरीज कमी वर्षांचा अभ्यासक्रम केलेले लायसेन्शिएट डॉक्टर असत. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात देशातले डॉक्टर ४७,५२४ दिले आहेत; त्यांत पदवीधर १७,६५४ आणि लायसेन्शिएट २९,८७०. म्हणजे दर पाचांत तीन. समितीने बहुमताने ठरवलं की यापुढे एकच प्रकारचा, पूर्ण शिकलेला ‘मूलभूत डॉक्टर’ तयार करावा. हेतू चांगला होता. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर का म्हणून द्यायचा? समितीच्या मनातला तो डॉक्टर गावाचा वैद्य होणार होता. प्रत्यक्षात झालं असं की लायसेन्शिएट बंद झाले आणि मूलभूत डॉक्टर ही एमडी-एमएसकडे जाण्याची पायरी ठरली. मधली जागा रिकामी पडली. ती पुढे आयुर्वेद, होमिओपॅथीच्या पदवीधरांनी भरली, आणि काही ठिकाणी कुठलीच पदवी नसलेल्यांनी.

विशेषज्ञांचं ऋण नाकारणं कृतघ्नपणा होईल. पूर्वी मोठ्या शस्त्रक्रियेसाठी हैदराबाद, सोलापूर, पुणे गाठावं लागे. १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लातूरला विवेकानंद रुग्णालय सुरू केलं, ते परवडणारा उपचार माणसाच्या गावाजवळ यावा म्हणून. सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आलं, १९८८ ला नांदेडला शासकीय महाविद्यालय, २००२ ला लातूरला. किती जीव वाचले, किती बाळंतिणी घरी परतल्या! आमचं म्हणणं त्यांच्याविरुद्ध नाही. वरचे मजले चढत गेले आणि तळमजला तसाच राहिला, एवढंच म्हणणं आहे.

लातूरची गंमत बघा. ‘लातूर पॅटर्न’मुळे साध्या शेतकऱ्यांची मुलं एमबीबीएसला लागली, याचा आम्हांला शिक्षक म्हणून अभिमान आहे. पण त्यांतल्या एकाला विचारा, जनरल प्रॅक्टिस करणार का? तो म्हणेल, “सर, नुसत्या एमबीबीएसला कोण विचारतं?” लग्नाच्या बाजारातही विचारत नाहीत, हे आणखी.

खर्चाचा संबंध कुठे येतो? १९६१ साली केर व्हाइट आणि सहकाऱ्यांनी एक हिशेब मांडला. हजार प्रौढ माणसांपैकी महिन्यात ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं, २५० डॉक्टरकडे जातात, ९ रुग्णालयात भरती होतात आणि एकाला मोठ्या विद्यापीठीय रुग्णालयात पाठवावं लागतं. त्या २५० पैकी २४० जण विशेषज्ञाच्या दारात उभे राहिले तर काय होईल? ज्याच्या शिक्षणाचा सगळा रोख दुर्मिळ आजार शोधण्यावर आहे, तो तपासण्या सांगणारच. नेहमीचा डॉक्टर मात्र “दोन दिवस थांबू” असं म्हणू शकतो, कारण तो तुमच्या वडिलांनाही ओळखत असतो. बचत फीमध्ये होत नाही, या थांबण्यात होते. अमेरिकेत बेकर आणि चंद्रा यांनी २००४ साली दाखवलं की जिथे सामान्य डॉक्टरांचं प्रमाण जास्त, त्या राज्यांत वृद्धांच्या उपचारावरचा सरकारी खर्च कमी आणि दर्जा चांगला. आपल्याकडे २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खासगी रुग्णालयातल्या एका भरतीचा सरासरी खर्च ३१,८४५ रुपये निघाला, सरकारीत ४,४५२. टाळता आलेली प्रत्येक भरती म्हणजे एखाद्या घराचं टळलेलं कर्ज.

सरकारचा पैसा कुठे गेला? २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपलं नांदेड होतं. दीड लाखापर्यंत संरक्षण, ९७२ उपचार-शस्त्रक्रिया. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. हृदयाच्या शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात, ही फार मोठी गोष्ट. पण ती वेळ येऊ नये म्हणून दहा वर्षं रक्तदाब सांभाळणाऱ्या डॉक्टरला त्या यादीत जागा नाही.

कुणी म्हणेल, सामान्य डॉक्टरच तर ‘कट’ घेऊन पेशंट वर पाठवतो! खरं आहे, असेही आहेत. राज्यात २०१७ साली कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा झाला. कायदा काही झाला नाही. पण बघा, ज्याचं ‘थांबू’ म्हणणं बिनपैशाचं आणि ‘जा’ म्हणणं पैशाचं, तो शेवटी काय म्हणेल? रोग माणसात जितका आहे तितकाच या मोबदल्याच्या रीतीत आहे.

या रिकाम्या तळमजल्याचा भार शेवटी कुठे येतो, ते नांदेडने पाहिलं. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण गेले, त्यांत १२ नवजात बालकं. औषधांचा आणि मनुष्यबळाचा तुटवडा, यावर तेव्हा बरंच बोललं गेलं. प्रशासनाने सांगितलं की अनेकजण बाहेरून, शेवटच्या अवस्थेत आले होते. पण हे उत्तर मानलं तरी प्रश्न संपत नाही, तो फक्त मागे सरकतो : आधीच्या दारांवर त्यांना वेळेत ओळखणारं कोण होतं?

आम्ही सत्तरी ओलांडली आहे. आमच्याकडे उपाय नाही, एक मागणी आहे : प्रत्येक घराला एक ठरलेला डॉक्टर, त्याच्याकडे घराची एक फाईल, आणि माणसं निरोगी ठेवण्याबद्दल त्याला पगार किंवा मानधन. तोवर निदान एवढं करा. मोठ्या दवाखान्यात जाल तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या, आणि ती पूर्ण ओतून बघा म्हणून सांगा.

आज इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.