8 कोटी ते 5177 कोटी: एका एस्टिमेटचा इतिहास

आयटीत एस्टिमेट दुप्पट झालं की मीटिंगमध्ये पहिला प्रश्न येतो, "हे दिलं होतं कोणी?" आज मात्र अशा एका प्रोजेक्टबद्दल लिहितोय, ज्याचा खर्च जवळपास 650 पट झाला.

हा प्रोजेक्ट म्हणजे आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं निळवंडे धरण. अकोले तालुक्यात प्रवरेवर वरच्या अंगाला इंग्रजांनी बांधलेलं भंडारदरा आहे, 1926 साली पुरं झालेलं. त्याच्या कालव्यांवर खालच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. पण संगमनेर, राहाता, कोपरगावकडची उंचावरची जिरायती गावं कोरडीच राहिली. त्यांच्यासाठी 1970 साली धरण मंजूर झालं. खर्च, सुमारे 8 कोटी रुपये! 26 ऑक्टोबर 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते जलपूजन झालं, तेव्हा सरकारनेच दिलेला आकडा होता सुमारे 5177 कोटी.

आता नेहमीचं उत्तर काय? "अहो, महागाई!" चला, तपासून पाहू. महागाई वर्षाला सरासरी साडेसात टक्के धरली, तर 53 वर्षांत किमती साधारण 46 पट होतात. म्हणजे 8 कोटींचे झाले 370 कोटी. तेही सगळा पैसा 2023 सालीच खर्च झाला असं धरून. प्रत्यक्षात तो वर्षानुवर्षं थोडा थोडा झाला, म्हणजे महागाईचा वाटा याहूनही कमीच. मग उरलेले पावणेपाच हजार कोटी कुठून आले?

लगेच "घोटाळा!" म्हणून ओरडू नका. आधी हे बघा, की 1970 चं धरण आणि 2023 चं धरण एकच आहे का? नाही. मूळ जागा म्हाळादेवीची होती, ती बदलून निळवंडेला आली. डाव्या कालव्याचं जाळं 85 किलोमीटरचं, लाभ 182 गावांना, आणि पाणी बंद पाइपांतून वाटायची योजना. शिवाय जमिनीचा मोबदला. 2013 च्या कायद्यानंतर ग्रामीण भागात तो बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ लागला. आमच्या भाषेत, स्कोप बदलला.

म्हणून नुसत्या बेरजा समोरासमोर ठेवून काही कळत नाही. सरकारी पद्धतीत यासाठी 'सुधारित प्रशासकीय मान्यता' असते. त्यात वाढ कारणवार फोडून दाखवायची असते: दरसूचीतली भाववाढ इतकी, भूसंपादन इतकं, संकल्पचित्रातला बदल इतका, मुळात कमी धरलेलं इतकं. माझ्या मते खरी तपासणी शेवटच्या रकान्यात आहे. भाववाढ कोणाच्या हातात नसते, पण सुरुवातीला कमी धरणं हा निर्णय असतो. आकडा लहान असला की मंजुरी पटकन मिळते. मग अशी बरीच कामं एकदम सुरू होतात, प्रत्येकाला दरवर्षी चिमूटभर निधी मिळतो, काम रेंगाळतं आणि खर्च पुन्हा वाढतो.

2012 साली विजय पांढरे या मुख्य अभियंत्याने पत्रं लिहून राज्यातल्या सिंचन प्रकल्पांच्या अंदाजपत्रकांवर प्रश्न उभे केले, तेव्हा कुठे हा किचकट विषय पेपरच्या पहिल्या पानावर आला. एरवी दरसूची वाचतो कोण?

डाव्या कालव्यात चाचणीचं पहिलं पाणी 31 मे 2023 ला सुटलं. 1970 साली तिशीत असलेला शेतकरी तेव्हा 83 वर्षांचा असणार, असलाच तर. मधल्या 53 वर्षांत त्याची जी पिकं जळाली, त्यांच्यासाठी कुठल्याही सुधारित अंदाजपत्रकात रकाना नाही.

असो. पुढच्या सोमवारी कोणी तुमच्यासमोर सुधारित एस्टिमेट ठेवलं, तर बेरीज नंतर बघा. आधी कारणांचे रकाने मागा.