आंतरग्रंथालयीन देवघेव : मालकीकडून कराराकडे

आंतरग्रंथालयीन देवघेव म्हटलं की संगणक आणि ईमेल डोळ्यांसमोर येतात. पण आपण जरा मागे जाऊन बघूया. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं, ते १९६६ साली पूर्ण झालं. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. ती सगळी काही पुण्यात नव्हती. काही उसनी आणली, तर काहींची पाठतुलना तंजावर आणि शांतिनिकेतन इथे झाली. पोथीच्या मालकानं होकार दिला, की काम पुढे सरकायचं.

छापील पुस्तकाचंही असंच. ग्रंथालयानं ते विकत घेतलं की ते कुणाला द्यायचं, हे ग्रंथालय ठरवी. अडचण असायची ती एवढीच, की कोणतं पुस्तक कुठे आहे हे कळायचं कसं? म्हणून संयुक्त तालिका आल्या. १९८८ साली दिल्लीत डेलनेट सुरू झालं, १९९१ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं इन्फ्लिबनेट हाती घेतलं.

आता खरा बदल इथे आहे. ई-नियतकालिक आपण विकत घेत नाही. ते वापरायची परवानगी घेतो. मग दुसऱ्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला त्यातला एक लेख पाठवायचा की नाही, हे करारातलं कलम ठरवतं. काही करार तशी मुभा देतात, काही देत नाहीत. आणि वर्गणी थांबली की, करारात तरतूद नसेल, तर जुने अंकही बंद होऊ शकतात.

यावर सरकारनं २०२४ साली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. केंद्र आणि राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्थांना एकदम वाचायला मिळणार, ही मोठीच गोष्ट आहे. मग देवघेवीची गरज संपली का? आम्हाला तसं वाटत नाही. ही योजना नियतकालिकांची आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातलं पन्नास वर्षांपूर्वीचं मराठी पुस्तक त्यात कुठून येणार? ज्या खासगी महाविद्यालयांना तिचा लाभ नाही, तिथल्या विद्यार्थ्यानं काय करायचं?

म्हणून पुढच्या काळासाठी आम्हाला दोन कामं महत्त्वाची वाटतात. पहिलं, करारावर सही करण्याआधी देवघेवीचं आणि जुन्या अंकांचं कलम वाचायचं. नसेल तर मागायचं. दुसरं, आपल्या कपाटातल्या मराठी पुस्तकांची नोंद संयुक्त तालिकेत करायची. नोंदच नसेल, तर ते पुस्तक मागणार कोण? महाभारताच्या वेळी निदान पोथी कुणाकडे आहे हे शोधता आलं, आणि ती देण्याचा अधिकारही मालकाच्या हातात होता. या दोन्ही गोष्टी आपण सांभाळल्या, तरच पुढच्या संशोधकाला पुस्तक मिळेल.