यॉर्कचा तट

इंग्लंडच्या उत्तरेस ऊझ नदीच्या काठी यॉर्क हे पुरातन नगर वसलेले आहे. इ. स. ७१ च्या सुमारास रोमन सैन्याने येथे छावणी घातली व तिला एबोराकम असे नाव दिले. २११ साली सम्राट सेव्हेरस येथेच निवर्तला. पुढे ३०६ साली पित्याच्या मृत्यूनंतर कॉन्स्टंटाइनला सैनिकांनी येथेच सम्राट म्हणून घोषित केले. ज्याने ख्रिस्ती धर्माला राजाश्रय दिला, त्याच्या वैभवाचा आरंभ रोमपासून इतक्या दूरच्या छावणीत व्हावा, हा मोठा नवलाचा योग होय.

८६६ मध्ये व्हायकिंगांनी हे नगर जिंकले. त्यांच्या भाषेचा ठसा अजूनही पुसलेला नाही. यॉर्कमध्ये ‘गेट’ म्हणजे रस्ता आणि वेशीला म्हणतात ‘बार’! नवखा प्रवासी येथे हमखास गोंधळतो. कॉपरगेट या रस्त्यालगत १९७६ ते १९८१ या काळात उत्खनन झाले, तेव्हा ओल्या मातीत टिकून राहिलेली लाकडी घरे, चामड्याचे जोडे, एवढेच काय, लोकरीचा एक मोजाही सापडला.

नगराभोवतीचा दगडी तट मुख्यतः तेराव्या-चौदाव्या शतकांतील असून त्यावरून सुमारे दोन मैल पायी हिंडता येते. मिकलगेटच्या वेशीवर पूर्वी राजद्रोह्यांची शिरे टांगीत. १४६० साली यॉर्कचा ड्यूक रिचर्ड याचेही मस्तक तेथे लावले गेले.

हा तट शत्रूंपासून वाचला, पण घरच्यांच्या हातून जाण्याची वेळ आली होती. १८०० साली नगरपालिकेनेच तो पाडण्याचे मनात आणले. दुरुस्तीचा खर्च आणि वेशींतली अडचण, ही कारणे. (अशी कारणे कोणत्याही नगरपालिकेला कधीही सापडतात.) त्यास विरोध झाला, तरी पुढील तीसएक वर्षांत तटाचे काही भाग व वेशींपुढील बुरूज पाडले गेलेच. आज वॉमगेटच्या वेशीपुढचा बुरूज तेवढा उभा आहे. तट राखण्यासाठी ज्यांनी लेखणी व वाणी झिजविली, त्यांत विल्यम एटी हा चित्रकार प्रमुख होता. तो याच गावातील एका पाववाल्याचा मुलगा.

येथील भव्य मंदिर मिन्स्टर म्हणून प्रसिद्ध आहे. त्याची सध्याची इमारत १२२० च्या सुमारास सुरू होऊन १४७२ मध्ये पूर्ण झाली. पूर्वेकडील प्रचंड खिडकीवर जॉन थॉर्नटन या कारागिराने १४०५ ते १४०८ मध्ये रंगीत काचांतून जगाची उत्पत्ती व अंत चितारला. १६४४ मध्ये पार्लमेंटच्या सैन्याने यॉर्क घेतले, तेव्हा सेनापती फेअरफॅक्सने देवालयांना धक्का लावू नये अशी सक्त आज्ञा दिली. तो यॉर्कशरचाच सुपुत्र होता. म्हणून या काचा वाचल्या.

परंतु याच नगराला एका टेकडीचाही इतिहास आहे. ११९० च्या मार्चमध्ये येथील सुमारे दीडशे यहुदी जमावाच्या भीतीने किल्ल्यातील लाकडी मनोऱ्यात आश्रयास गेले. सुटका नाही हे पाहून बहुतेकांनी आपल्या बायकामुलांसह मरण पत्करले. जे बाप्तिस्मा घेण्याच्या बोलीवर बाहेर आले, त्यांनाही ठार करण्यात आले. जमावाच्या म्होरक्यांत यहुदी सावकारांचे ऋणको होते. त्यांनी लगेच त्या वेळच्या मिन्स्टरमध्ये ठेवलेली कर्जखते तेथेच जाळून टाकली.

त्या जागी नंतर बांधलेला दगडी मनोरा आज क्लिफर्डचा मनोरा म्हणून ओळखला जातो. मृतांच्या स्मरणार्थ टेकडीच्या पायथ्याशी फलक बसविला गेला तो १९७८ साली. मार्च महिन्यात त्या उतारावर पिवळी डॅफोडिल फुले फुलतात.