मेस, चाळ आणि प्रेमपट

आपल्या प्रेमपटांत प्रेमाच्या आड कोण येणार, हे बहुधा ठरलेले असते. श्रीमंत बाप, जातपात, गैरसमज, नाहीतर खलनायक. एक लहानसे घराणे मात्र या रांगेत बसत नाही. तिथे प्रेमाच्या आड येते ती जागा. त्या घराण्याचा आपल्याकडचा मूळपुरुष शोधायचा तर कलकत्त्याला जावे लागते. निर्मल दे यांचा ‘साडे चुयात्तर’ हा बंगाली चित्रपट १९५३ साली आला. उत्तमकुमार आणि सुचित्रा सेन ही जोडी त्यातच पहिल्यांदा जमली आणि ती जमली एका बोर्डिंगमध्ये. पुढे हे घराणे हिंदीत आले, मराठीत आले. त्याची वंशावळ पाहिली तर एक गोष्ट स्पष्ट दिसते: घरटंचाईने माणसांना एकमेकांच्या इतके जवळ रेटले, की प्रेम जुळणे सोपे आणि निभावणे अवघड झाले. या चित्रपटांतला विनोदही याच पेचातून येतो.

कलकत्त्याची मेस म्हणजे कारकुनांचे गाव. जिल्ह्याजिल्ह्यांतून नोकरीसाठी आलेली माणसे बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत तिघे-चौघे राहत. स्वयंपाकी एक, गडी एक, खर्च वाटून. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले आणि आधीच अपुऱ्या जागेची ओढाताण आणखी वाढली. ‘साडे चुयात्तर’मधल्या पुरुषांच्या बोर्डिंगात डोक्यावरचे छप्पर गेलेले एक कुटुंब आसऱ्याला येते आणि त्यांच्याबरोबर तरुण मुलगी येते. एरवी तिची आणि बोर्डिंगातल्या तरुणाची गाठ पडायची तर स्थळ, मध्यस्थ, पत्रिका असे सगळे सोपस्कार झाले असते. इथे जिना एकच असल्याने ते सगळे वगळले गेले. पण त्याच जिन्यावर वीस डोळेही आहेत. म्हणून प्रेमिकांना चिठ्ठ्या लिहाव्या लागतात आणि अशी एक चिठ्ठी भलत्याच हाती पडून बोर्डिंगच्या प्रौढ मालकाचा संसार धोक्यात येतो. परक्याने पत्र फोडू नये म्हणून त्यावर ‘७४॥’ लिहायची जुनी रीत होती. चित्रपटाचे नाव त्यावरूनच आले. एकांत नसलेल्या घरात एकांत मागणारा आकडा, इतके नेमके नाव क्वचितच एखाद्या प्रेमपटाला मिळाले असेल.

या घराण्याची दुसरी शाखा मराठी प्रेक्षकाच्या अधिक ओळखीची आहे. १९५५ च्या ‘जय मा काली बोर्डिंग’वरून हृषीकेश मुखर्जींनी १९६६ साली ‘बीवी और मकान’ केला आणि १९८८ साली सचिन पिळगांवकरांनी त्याला पुण्यात आणून ‘अशी ही बनवाबनवी’ बनवला. तेहतीस वर्षांत भाषा बदलली, शहरे बदलली, पण कथेची खुंटी हलली नाही: मालकाला भाडेकरू जोडपे हवे आणि दारात उभे आहेत सडेफटिंग. म्हणून कुणीतरी लुगडे नेसायचे. हा तर फार्स, याला प्रेमपट कसे म्हणायचे, अशी शंका कुणी काढील. पण ‘बनवाबनवी’त चौघांच्याही जोड्या जमतात आणि त्या जमण्यात मोठी अडचण असते ती सोंगाचीच. घर राखायचे तर सोंग वठवायला हवे आणि प्रेम मिळवायचे तर सोंग उतरवायला हवे. घरभाड्याची अट इथे थेट प्रेमाच्या मानेवर बसलेली आहे.

चाळीचे चित्रपट कुटुंबांचे, त्यांना मेसच्या गोतावळ्यात का ओढायचे, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली. बसलेला भाडेकरू खोली सोडीना, नवी भाड्याची घरे बांधणे परवडेना आणि त्याच खोलीत पुढची पिढी लग्नाला आली. राजा ठाकूर यांच्या १९७० च्या ‘मुंबईचा जावई’त आणि त्यावरून बासू चटर्जींनी १९७२ मध्ये केलेल्या ‘पिया का घर’मध्ये लग्न झालेल्या जोडप्यालाच एकांत मिळत नाही. मेसमध्ये परके लोक आड येतात, चाळीत सख्खे, एवढाच फरक. उलट भीमसैन यांचा ‘घरौंदा’ (१९७७) पाहा. टंचाई तीच, पण घर शोधणारे दोघे प्रेमिक शहरात एकटे पडलेले आणि कथा थेट शोकांताकडे झुकते. याचा अर्थ, टंचाई सगळ्यांची मिळून असते तेव्हाच हे घराणे हसते.

हे सगळे हॉलिवूडचे उसने आहे, असेही म्हणता येईल. जॉर्ज स्टीव्हन्स यांचा ‘द मोअर द मेरिअर’ १९४३ चा. एक तरुणी अर्धे घर भाड्याने देते आणि तो भाडेकरू आपल्या अर्ध्यातला अर्धा वाटा एका तरुणाला देऊन टाकतो. पण तो चित्रपट युद्धकाळात वॉशिंग्टनमध्ये खोल्या मिळेनाशा झाल्या तेव्हाचा आहे. १९६६ साली त्याची नवी आवृत्ती निघाली तेव्हा कथानक १९६४ च्या ऑलिम्पिकमध्ये गजबजलेल्या टोकियोत न्यावे लागले. टंचाई नसेल तर कथा उभी राहत नाही, हे हॉलिवूडनेही मान्य केल्यासारखेच झाले. म्हणून उसनवारीपेक्षा समान कारण हाच इथे पटणारा खुलासा.

मग हे घराणे आता संपले का? ‘सलाम नमस्ते’ (२००५) मधली जोडी मेलबर्नमध्ये एका घरात राहते, पण आपल्या मर्जीने. आड येणारे शेजारी नाहीत, त्यामुळे अडथळा त्यांना स्वतःच्या स्वभावातून काढावा लागतो. तो चित्रपट चांगला की वाईट हा वेगळा प्रश्न, पण तो या कुळातला नव्हे. अविवाहितांना घर नाकारणाऱ्या सोसायट्या मात्र आजही आहेत आणि एका फ्लॅटमध्ये चौघे राहणेही संपलेले नाही. तेव्हा हे कूळ बुडाले असे म्हणायची घाई कुणी करू नये. भाड्याची अट आहे तोवर पटकथेला कच्चा माल आहे.